आठवीच्या मुलांना ऊर्जा नकाशावर शिकवायची आहे. इंदूर परिसरासाठी काय काय घ्यावं?

मृण्मयी इंदूर
नमस्कार मंडळी. मी इंदूरला आठवी-नववीला भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गाला 'ऊर्जा' हा उपक्रम करायचा आहे. पुस्तकातला धडा मुलांना पाठ आहे. कोळसा संपणारा, सूर्य न संपणारा, सगळं घडाघडा म्हणतात. पण 'एक युनिट म्हणजे किती?' असं विचारलं की वर्ग गप्प. एकीने सांगितलं, 'युनिट म्हणजे बाबा ज्याच्यावरून ओरडतात ते.'

म्हणून यंदा फळा बाजूला ठेवून डिजिटल नकाशावर शिकवायचं ठरवलं आहे. शाळेत संगणकांची एक खोली आहे आणि बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे. डोक्यात असं आहे: खंडव्याकडचं सिंगाजी औष्णिक (कोळशाचं) केंद्र, नर्मदेवरची इंदिरासागर आणि ओंकारेश्वर धरणं, देवासच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या, आपल्या देवगुराडियाचा कचऱ्यापासून गॅस करणारा बायो सीएनजी प्रकल्प, हे सगळे बिंदू लावायचे आणि प्रत्येकापासून शाळेपर्यंत बाण काढायचा. मग प्रत्येकाने घरचं लाइट बिल आणायचं आणि घरं रंगवायची, कमी वापर हिरवा, जास्त वापर लाल.

हे बरोबर वाटतं का? कुठली साधनं वापरू? कोणी केलं असेल तर अनुभव सांगा.

पोहे विथ शेव
पहिला प्रतिसाद माझा. इंदूरच्या पोरांना ऊर्जा शिकवायची तर सुरुवात सकाळच्या पोहे-जिलेबीपासून करा, वर्ग शंभर टक्के हजर राहील. बाकी जाणकार येतीलच.

उपग्रह
छान विषय. साधनांचं सांगतो, कारण रोजचं कामच ते आहे.

सरकारी घ्यायचं तर इस्रोचं 'भुवन' आहे, २००९ पासून चालू आहे. नीती आयोगाने इस्रोला बरोबर घेऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये देशाचा ऊर्जा नकाशा काढला. वीजकेंद्रं, कोळसा खाणी, तेलशुद्धीकरण कारखाने, सौर-पवन क्षमता असे २७ थर आहेत, एकेक चालू-बंद करता येतात. मुलांना ते उघडझाप करायला फार आवडतं. तारांचं जाळं बघायचं तर ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा) उभा केलेला 'ओपन इन्फ्रास्ट्रक्चर मॅप' बघा, त्यात वाहिन्या व्होल्टेजप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत दिसतात. उन्हासाठी जागतिक बँकेचा 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलस'. उंचसखल जमीन दाखवायला गूगल अर्थ प्रो, फुकट आहे.

पण ताई, सगळी एकदम नका घेऊ. बघायला एक आणि काढायला एक, एवढं पुरे. काढायला यूमॅप सोपं आहे, एका दुव्यावर सगळा वर्ग काम करू शकतो. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या नादी आठवीत लागू नका, दोन तास ते बसवण्यातच जातील.

तारांचा माणूस
वीज पारेषणात, म्हणजे मोठ्या वाहिन्यांच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मृण्मयीताई, बिंदू लावा, पण ते बाण काढू नका.

सिंगाजीची (२५२० मेगावॅट) वीज सिंगाजीहून निघून तुमच्या शाळेत येते, असं काही नसतं. देशभरची केंद्रं एकाच तळ्यात पाणी ओततात आणि सगळे त्याच तळ्यातून उपसतात. कुणाच्या घागरीत कुणाचं पाणी, ते सांगता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून सगळा देश एकाच ५० हर्ट्झवर फिरतो. मुलांनी बाण काढले की ती आयुष्यभर म्हणत राहतील, 'आमच्याकडे धरणाची वीज येते, आमची स्वच्छ.'

मृण्मयी इंदूर
काका, पटलं. बाण रद्द. पण मग शाळेतला पंखा आणि सिंगाजी यांचा संबंध मुलांनी कसा बघायचा? नुसते सुटे बिंदू ठेवले तर पुन्हा पाठांतरच.

तारांचा माणूस
उलटं जा. शाळेच्या मीटरपासून मागे मागे. मीटर, खांब, कोपऱ्यावरची डीपी (ट्रान्सफॉर्मर), ११ केव्ही, ३३ केव्हीचं उपकेंद्र, मग १३२, २२०, ४००. प्रत्येक पायरी मुलांना नकाशावर स्वतः शोधू दे.

एक युक्ती सांगतो. टॉवरवर तार जिथे लटकते तिथे इन्सुलेटरच्या, म्हणजे वीज अडवणाऱ्या चकत्यांची माळ असते. चकत्या मोजल्या की वाहिनी किती व्होल्टची ते कळतं. ३३ केव्हीला साधारण तीन, १३२ ला नऊ-दहा, २२० ला तेरा-चौदा, ४०० ला बावीस-तेवीस. चिनी मातीच्या किंवा काचेच्या चकत्या असतात. काचेच्या असल्या तर सकाळच्या उन्हात हिरवट चमकतात, मोजायला सोप्या. (नव्या वाहिन्यांवर एकसंध राखाडी पॉलिमरचे असतात, ते सोडून द्या.) रस्त्यावरूनच, दुर्बिणीने. बायपासच्या बाजूला गेलात तर एका चकरेत दोन-तीन तऱ्हेचे टॉवर मिळतील. मुलांनी मोजायचं, वहीत लिहायचं आणि घरी येऊन ओपन इन्फ्रास्ट्रक्चर मॅपवरच्या रंगाशी जुळतंय का बघायचं.

डीपीच्या आणि उपकेंद्राच्या कुंपणाजवळ कोणीही जायचं नाही. हे पहिल्या दिवशी, आणि रोज, सांगा.

पोहे विथ शेव
काका, हे वाचून मी आत्ता गच्चीवर जाऊन समोरच्या टॉवरच्या चकत्या मोजून आलो. नऊ! बायको विचारते, रात्री दुर्बीण घेऊन कुणाकडे बघताय. तिला काय सांगू की १३२ केव्ही बघतोय.

सुदामानगरची आई
मला बिलाच्या कल्पनेबद्दल बोलायचं आहे, जरा स्पष्टच.

घरं हिरवी-लाल रंगवू नका. वर्गात एकाकडे तीन एसी आहेत, एकीकडे एका खोलीत सहा माणसं राहतात. जिच्या घरी वापर कमी ती हिरवी म्हणून टाळ्या घेणार, पण वापर कमी आहे तो घरात काही नाही म्हणून. कुणाच्या घरी बिल थकलंय, कुणाच्या वस्तीत आकडे टाकून वीज घेतात. ते मूल बिल कुठून आणणार? आणि एकदा नकाशावर आलं की ते सगळ्यांच्या फोनवर गेलं. माझ्या मुलीच्या वर्गात असाच 'सर्व्हे' झाला होता, त्यानंतर एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही.

उपग्रह
+१. डिजिटल नकाशाची हीच गोम. कागदावर काढलेलं फाडून टाकता येतं, दुव्यावर टाकलेलं परत येत नाही. अल्पवयीन मुलांच्या घराचा ठिकाणा आणि घरचा वापर एकत्र कुठेही टाकू नये, खाजगी दुव्यावरसुद्धा नाही.

खटपट्या
थोडा असहमत. घर वगळलं तर उरलं काय? सिंगाजी आणि इंदिरासागर हे मुलाच्या हातातलं नाही, पंख्याचं बटण हातातलं आहे. बिल घरातच राहू द्या, पण वाचायला शिकवा. प्रत्येकाने आपल्या मीटरचं रीडिंग सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या वहीत घ्यावं. कुणाला दाखवायचं नाही. वर्गात फक्त एवढंच बोलायचं, की कोणती वस्तू बंद केल्यावर आकडा मंदावला. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. जुना पंखा ७५ वॅटचा, सव्वातेरा तास चालला की जवळपास एक युनिट. नवा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) तीस-पस्तीस वॅटचा, त्याला एक युनिट जाळायला दिवस उलटून जातो. आणि नकाशावर टाकायचं ते सार्वजनिक: रस्त्याचे दिवे, पाण्याच्या टाक्या, शाळेचं छत, सीएनजी पंप.

सुदामानगरची आई
हे चालेल. मीटर नसलेल्या मुलाला शाळेचं मीटर द्या.

खटपट्या
बरोबर. ते तर मानाचं काम होईल, शाळेचा मीटर-प्रमुख.

जलतरंग
सगळे विजेच्या तारांमागे लागलेत, म्हणून मी पाण्याचं सांगते. इंदूरच्या मुलांना ऊर्जा शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते अक्षरशः नकाशावर आडवं पडलेलं आहे.

आपल्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलतात, विंध्याचा घाट चढवून वांचू पॉइंटपर्यंत नेतात आणि तिथून ते उताराने शहरात येतं. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. गूगल अर्थमध्ये जलूदपासून वांचू पॉइंटपर्यंत रेघ ओढा आणि 'एलेव्हेशन प्रोफाइल' उघडा. निमाडची सपाट पट्टी आणि मग एकदम उभी भिंत. पाचशे मीटरच्या वरची चढण आहे. मुलं तो आलेख बघून थक्क होतात, कारण मानपूरच्या घाटातून बसने गेलेली असतात, पण पाणीही तोच घाट चढतं हे डोक्यातच आलेलं नसतं.

आता गणित. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे हजार किलो. पाचशे मीटर वर न्यायला १००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. झाले सुमारे १.३६ युनिट, तेही पंप शंभर टक्के कार्यक्षम धरून. सत्तर-पंचाहत्तर टक्के धरा, पाइपमधलं घर्षण बाजूला ठेवा, तरी एका टाकीला पावणेदोन-दोन युनिट. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटर. चौघांचं घर म्हणजे ५४० लिटर, म्हणजे रोज साधारण एक युनिट फक्त घाट चढवायला. महिन्याला तीस. हे तीस युनिट तुमच्या लाइट बिलात कुठेच दिसत नाहीत. नळ चालू ठेवून दात घासणारं मूल वीज घालवतं, हे त्याला एकदा स्वतःच्या पेन्सिलीने काढू दे, मग सांगावं लागणार नाही.

मंडलेश्वरकर
आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लिहितो. गणित बरोबर आहे. भर घालतो: या पंपांच्या विजेचा खर्च इतका आहे की इंदूर पालिकेने जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प करायला फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले. साध्या माणसांनीही ते घेतले. आठवीच्या मुलाला रोखा समजवायला अर्धा तास लागेल, पण 'शहराने पाण्याचं लाइट बिल कमी करायला लोकांकडून पैसे घेतले' हे त्याला पटकन कळतं.

उपग्रह
जलतरंग, क्या बात है! याच नकाशावर पुढे जा. इंदूरचा उतार उत्तरेला आहे. वापरलेलं पाणी कान्ह नदीत, ती शिप्रेत, शिप्रा चंबळेत. म्हणजे जे पाणी अरबी समुद्राला जायचं ते आपण विजेने पाणलोटाच्या पलीकडे टाकतो आणि ते यमुना-गंगेवरून बंगालच्या उपसागराकडे निघतं. त्यात गंमत अशी की शिप्रा चंबळेला गांधीसागर धरणाच्या वरच्या अंगाला मिळते. वाटेत शेतीला उपसलं गेलं नाही तर आपल्या आंघोळीचं पाणी गांधीसागरच्या ११५ मेगावॅटच्या टर्बाइन फिरवायला जातं.

पोहे विथ शेव
उद्यापासून दोन बादल्या जास्त. देशकार्य.

जलतरंग
@पोहे, चढवायला दोन युनिट घेतलेत, ते धरणावरच्या धारेने फिटायचे नाहीत. किती फिटतात ते मुलांना काढायला लावा, गांधीसागरची उंची नकाशावर आहे.

पिंपळपार
सगळं वाचलं. एक शंका. मुलं आधीच पडद्याला चिकटलेली. त्यांना आणखी एक पडदा? सायकल उलटी करून डायनॅमो लावा आणि पेडल मारायला सांगा. धडधाकट माणूस सलग शंभर वॅटच्या आसपास काढतो, म्हणजे एक युनिटला दहा तास पेडल. ते एकदा पायात आलं की नकाशाची गरजच काय?

खटपट्या
डायनॅमो हवाच. पण पायाने युनिट कळतं, जागा कळत नाही. कोळसा कुठून येतो, तारा कुणाच्या शेतावरून जातात, हे पेडल मारून समजणार नाही. आधी पेडल, मग नकाशा.

पिंपळपार
हा क्रम असेल तर मान्य.

हरसूदचा नातू
फारसा लिहीत नाही, पण 'तारा कुणाच्या शेतावरून जातात' वाचून राहवलं नाही.

आमच्या आत्याचं घर हरसूदला होतं. इंदिरासागरच्या पाण्यासाठी २००४ च्या पावसाळ्यात आख्खं गाव उठलं. लोकांनी स्वतःच्या हातांनी भिंती पाडल्या, चौकटी-दारं काढून ट्रॅक्टरवर घातली. आत्या छनेऱ्याला नव्या वसाहतीत गेली. तिने स्वयंपाकघराची खिडकी बरोबर नेली होती, ती नव्या घराला बसली नाही म्हणून वर्षानुवर्षं गोठ्याला टेकून होती.

तुमच्या नकाशावर इंदिरासागर हा '१००० मेगावॅट' असा एक निळा बिंदू असेल. तो बिंदू नाही, पूर्ण भरल्यावर ९०० चौरस किलोमीटरच्या वरचं पाणी आहे. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं आहेत. पुनासाच्या पूर्वेला जा आणि वर्षं सरकवा. २००४ नंतर निळं पसरत जातं. मुलांना ते दाखवा. पंखा कुणाच्या अंगणावर फिरतो ते कळल्याशिवाय ऊर्जा कळली असं मी म्हणणार नाही.

सुदामानगरची आई
वाचून गलबललं. पण खरंच विचारते, तेरा वर्षांच्या मुलांना हे झेपेल?

हरसूदचा नातू
ताई, आमच्या घरची तेरा वर्षांची मुलं त्या ट्रॅक्टरवर बसली होती.

तारांचा माणूस
दाखवावं. मी आयुष्यभर त्याच धरणाची वीज वाहून नेली आणि मला तिचा अभिमान आहे. संध्याकाळी मागणी उसळली की काही मिनिटांत साथ देतं ते पाणीच. कोळशाचं केंद्र इतकं चटकन वर येत नाही. ही बाजूही सांगा. दोन्ही एकाच पडद्यावर राहू द्या, मुलं मोठ्यांपेक्षा सरळ प्रश्न विचारतात.

बडोद्याची मावशी
आम्ही रावपुऱ्यातले, नर्मदेच्या दुसऱ्या टोकाचे. जे पाणी इंदिरासागरला टर्बाइन फिरवतं तेच ओंकारेश्वरला फिरवतं आणि मग आमच्याकडे सरदार सरोवरला (१४५० मेगावॅट). त्या विजेचे वाटे ठरलेले आहेत, मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. धरण आमच्या राज्यात आणि मोठा वाटा तुमचा! बडोद्याजवळ कालव्यावर छप्पर घातल्यासारखा १० मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे, जानेवारी २०१५ पासून. उपग्रह-चित्रात कालव्याच्या पाण्यावर गडद पट्टी दिसते, मुलांना शोधायला द्या. आमच्या इथल्या एखाद्या वर्गाने आणि तुमच्या वर्गाने एकच नदी दोन टोकांनी काढली तर? माझी सून शिकवते, विचारते तिला.

जुना राजवाडा
थोडं विषयांतर. १९१८ मध्ये होळकर दरबारने पॅट्रिक गेडिसला इंदूरची नगररचना करायला बोलावलं होतं. त्याचा आग्रह एकच, आधी गाव पायी फिरून पाहणी, मग आराखडा. शंभर वर्षांनी आठवीचा वर्ग तेच करणार, म्हणून बरं वाटलं. आणि एक थर गिरण्यांचा घ्या. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद झाली. या गिरण्यांच्या धुराड्यांखाली कोळसा जळायचा तेव्हा शहराची ऊर्जा शहरातच दिसायची. आता धूर खंडव्याला गेला.

उपग्रह
एक तांत्रिक सूचना, नंतर डोकेदुखी नको म्हणून. मुलांनी टॉवर किंवा डीपी ओपनस्ट्रीटमॅपवर घालायचे ठरवले तर गूगलवरून बघून उतरवून घेऊ नका, परवान्यात बसत नाही. स्वतः पाहिलेलं किंवा त्यांच्याच संपादकात परवानगी असलेल्या चित्रावरून काढलेलं चालतं. तिथे मुलांची खाती नकोत, शिक्षिकेच्या खात्यावरून एकेक तपासून घाला.

खटपट्या
शाळेचं छत विसरू नका. गूगल अर्थमध्ये छताभोवती रेघ ओढली की क्षेत्रफळ मिळतं. साधारण १०० चौरस फुटाला एक किलोवॅट, इंदूरच्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट. पाण्याच्या टाकीची सावली पडते तो भाग वजा. आलेला आकडा शाळेच्या बिलाशेजारी ठेवा आणि मुख्याध्यापकांना मुलांनाच सांगू द्या.

मृण्मयी इंदूर
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! रात्री बसून नव्याने आखणी केली. घरांचं रंगकाम गेलं, बाण गेले. पहिल्या आठवड्यात सायकलचा डायनॅमो आणि वहीतलं मीटर. मग शाळेच्या मीटरपासून ४०० केव्हीपर्यंत मागे जाणं, चकत्या मोजत. मुख्य काम मात्र पाण्याचं: जलूदपासून गांधीसागरपर्यंत एक नकाशा, त्यावर चढण, पंप, धरणं आणि हरसूद. हरसूदसाठी पूर्ण एक तास ठेवला आहे. @हरसूदचा नातू, तो तास तुम्ही फोनवरून घ्याल का? तुमच्या शब्दांत मुलांपर्यंत जाईल.

एकच अडलंय. शेवटी गुण द्यायचे आहेत. मुलाला ऊर्जा कळली हे कशावरून ओळखायचं? सुंदर नकाशा म्हणजे कळलं असं नाही.

हरसूदचा नातू
घेईन. आत्याला पण बसवतो शेजारी, तिला बोलायला आवडतं.

तारांचा माणूस
गुणांचं सोपं आहे. मुलाला घरातली कोणतीही एक वस्तू निवडू द्या. तिच्यापासून नकाशावर जितकं मागे जाता येईल तितकं जायचं, आणि वाटेत निदान एका ठिकाणी स्वतः काढलेला किंवा मोजलेला आकडा सांगायचा. कुठपर्यंत गेला त्याला अर्धे गुण, आकडा कसा काढला ते सांगता आलं त्याला अर्धे. नकाशाच्या रंगाला शून्य.

आणि वेळ उत्तम निवडलीत. आपल्याकडे विजेची सर्वाधिक मागणी उन्हाळ्यात नाही, डिसेंबर-जानेवारीत असते, गव्हाला पाणी द्यायला पंप चालतात म्हणून. दुपारी आणि रात्री आठला 'इलेक्ट्रिसिटी मॅप्स' या, वीज त्या घडीला कशापासून बनतेय ते दाखवणाऱ्या संकेतस्थळावर भारताचा पश्चिम विभाग उघडून बघायला सांगा. दुपारी सौरचा हिस्सा असतो, रात्री तो गेलेला असतो. चार दिवस नोंद घेतली की मुलांच्या लक्षात येईल.

सुदामानगरची आई
गुणांची ही पद्धत फार आवडली. पाण्याचा नळ निवडणाऱ्या मुलीला आणि एसी निवडणाऱ्या मुलाला सारखीच संधी.

उपग्रह
मृण्मयीताई, जलूद ते गांधीसागर पट्ट्याचा कोरा पाया मी यूमॅपवर करून देतो, नद्या आणि समोच्च रेषा तेवढ्या असतील, बाकी मुलांनी भरायचं. खोलीत संगणक किती आणि त्यांची मेमरी किती ते कळवा. दोन-चार जीबीचीच यंत्रं असतील तर उपग्रह-चित्राचा थर बंद ठेवून पाठवतो, नाहीतर उघडताना अडकेल.

मृण्मयी इंदूर
सोमवारी मोजून कळवते. बडोद्याच्या मावशी, सूनबाईंचं काय म्हणणं पडलं?

बडोद्याची मावशी
ती तयार आहे. तिची नववी आहे, चालेल ना? कालव्यावरची ती पट्टी तिला आत्ताच सापडली, आणि आता जेवायला हाक मारतेय तर उठत नाहीये.